बॅकअपवरून उतरवलेला अल्मालिनक्स ९ सर्व्हर बूट होत नाही, 'ग्रब>' प्रॉम्प्टवर अडकतो

कोरी_डिस्क यांचा प्रश्न

जुन्या सर्व्हरचं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र करून एकच दाखवणारं) गेलं. रोज रात्री आरसिंकने (फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम) पूर्ण रूटचा, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्या फायलींचा, बॅकअप दुसऱ्या मशीनवर जात होता, त्यामुळे डेटा शाबूत आहे. तो नव्या सर्व्हरवर उतरवला, पण मशीन काही उठत नाही.

जुनी मांडणी: यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर, ते ईएफआय पार्टिशनवरून बूट सुरू करतं), रेड कार्डामागे दोन साटा एसएसडी, ऑपरेटिंग सिस्टिमला एकच /डेव्ह/एसडीए दिसायची. त्यावर ६०० एमबीचं ईएफआय पार्टिशन, १ जीबीचं /बूट (एक्सएफएस फाइलसिस्टिम) आणि उरलेल्या जागेत एलव्हीएम (डिस्कच्या जागेचा ग्रुप करून त्यातून व्हॉल्यूम पाडायची सोय). व्हॉल्यूम ग्रुपचं नाव 'अल्मालिनक्स', त्यात रूट, व्हार आणि स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा).

नवी मांडणी: यूईएफआय, सेक्युअर बूट चालू, ९६० जीबीच्या दोन एनव्हीएमई, रेड कार्ड नाही. म्हणून एमडीएडीएमने (सॉफ्टवेअर रेडची कमांड) रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) केलं. दोन्ही डिस्कवर सारखीच तीन पार्टिशन्स: पहिलं ६०० एमबी फॅट३२ (हे रेडमध्ये नाही), दुसरं १ जीबी (दोन्ही मिळून /डेव्ह/एमडी/बूट), तिसरं उरलेलं सगळं (/डेव्ह/एमडी/पीव्ही, म्हणजे एलव्हीएमला दिलेली जागा). व्हॉल्यूम ग्रुपला जुनंच नाव दिलं. रूट आणि व्हार पुन्हा एक्सएफएस. मेमरी १२८ जीबी असल्यामुळे स्वॅप या वेळी काढलं नाही.

काय केलं: एका अगदी नव्या वितरणाच्या लाइव्ह यूएसबीवरून पार्टिशन्स आणि फॉरमॅट केलं. मग आरसिंकने सगळं परत ओढलं, पर्याय फक्त लहान 'ए'. बॅकअपमधून प्रॉक, सिस, डेव्ह, रन, टीएमपी आणि एमएनटी वगळलेले होते. /बूट आणि /बूट/ईएफआय बॅकअपमध्ये होते, तेही उतरवले.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सर्व्हर थेट फर्मवेअरच्या मेनूत गेला, बूटच्या यादीत डिस्कच नाही. चरूट करून (उतरवलेल्या सिस्टिमच्या आत शिरून) ग्रब२-इन्स्टॉल, म्हणजे कर्नल लोड करणारा ग्रब बसवणारी कमांड, चालवलं, तर त्याने ही युटिलिटी ईएफआयसाठी वापरू नका म्हणून नकार दिला. --फोर्स वापरायला सांगत होता, ते केलं नाही. मग ईएफआयबूटएमजीआरने (फर्मवेअरची बूट यादी बदलणारी कमांड) शिम६४च्या (ग्रबच्या आधी चालणारा, सही असलेला लोडर) फाइलकडे बोट दाखवणारी नोंद हाताने घातली. आता 'नो सच डिव्हाइस' आणि पुढे एक लांबलचक यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) दिसतो, आणि खाली 'ग्रब>' एवढंच.

इथून दुरुस्ती करावी, की नवी सिस्टिम टाकून फक्त डेटा आणावा? पूर्ण रिस्टोअरला साडेपाच तास लागले आहेत, पुन्हा तेवढा वेळ घालवायचा नाही.

---

मॉड्यूल_६४

पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही. --फोर्स वापरलं नाहीत ते बरं झालं. वापरलं असतं तर सही असलेल्या ग्रबच्या जागी बिनसहीचा आला असता आणि सेक्युअर बूटने तो अडवला असता.

आरसिंकचा बॅकअप म्हणजे फायली. बूटला लागणाऱ्या निम्म्या गोष्टी फायलींच्या बाहेर असतात किंवा फायलींत असूनही जुन्या डिस्कशी बांधलेल्या असतात. बूटची नोंद मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये असते, ती जुन्या बोर्डाबरोबर गेली. म्हणून पहिल्यांदा यादीत काही दिसलं नाही. फाइलसिस्टिम नव्याने फॉरमॅट केली की तिचा यूयूआयडी बदलतो, आणि तो जुना आकडा तुमच्या सिस्टिममध्ये किमान तीन ठिकाणी लिहिलेला आहे. इनिटरॅमएफएस (रूट माउंट होईपर्यंत कर्नल वापरतं ती छोटी सिस्टिम) जुन्या मशीनचं हार्डवेअर पाहून बांधलेलं आहे. तेव्हा एक चूक शोधून भागणार नाही. एक दुरुस्त केली की पुढची दिसेल, आणि तसं झालं तर ती प्रगती समजा.

सध्याचा अडथळा सरळ आहे. अल्मालिनक्स ९ मध्ये ईएफआय पार्टिशनवरची ग्रब.सीएफजी ही खरी मेनूची फाइल नसते. तिच्यात चारेक ओळीच असतात: अमुक यूयूआयडीचं /बूट शोध, त्यातली ग्रब२/ग्रब.सीएफजी उघड. हा यूयूआयडी तुमच्या जुन्या /बूटचा आहे.

ग्रबच्या प्रॉम्प्टवर आधी 'एलएस' द्या. एचडी० आणि एचडी१च्या बरोबरीने एमडीने सुरू होणारं एक नाव दिसायला हवं, बहुधा (एमडी/बूट). मग एलएस (एमडी/बूट)/ द्या, शेवटची तिरकी रेघ विसरू नका. कर्नलच्या फायली दिसल्या तर:

सेट प्रीफिक्स=(एमडी/बूट)/ग्रब२
कॉन्फिगफाइल (एमडी/बूट)/ग्रब२/ग्रब.सीएफजी

एवढ्यावर मेनू येईल. 'अननोन फाइलसिस्टिम' आलं तर मात्र प्रकरण वेगळं आहे. काय येतं ते इथे लिहा.

---

कोरी_डिस्क

(एमडी/बूट) दिसतं, पण एलएस दिल्यावर 'अननोन फाइलसिस्टिम'. लाइव्ह यूएसबीत तेच पार्टिशन व्यवस्थित माउंट होतं आणि सगळ्या फायली जागेवर आहेत.

---

चेकसम_पाहा

मग दोष लाइव्ह यूएसबीच्या नव्या एमकेएफएसचा (फाइलसिस्टिम बनवणारी कमांड) आहे. एक्सएफएसप्रॉग्ज (एक्सएफएसची साधनं) ६.५ पासून 'एनआरईएक्सटी६४' हे वैशिष्ट्य आपोआप चालू असतं. लाइव्हचं नवं कर्नल ते ओळखतं, पण ग्रबचा एक्सएफएस वाचणारा भाग वेगळा आणि जुना आहे. अनोळखी वैशिष्ट्याचा एक बिट दिसला की तो अख्खी फाइलसिस्टिम नाकारतो. ईएक्सटी४ केलं असतं तरी हेच घडू शकलं असतं: ई२एफएसप्रॉग्ज (ईएक्सटी४ची साधनं) १.४७ ने 'मेटाडेटा_सीसम_सीड' आपोआप चालू केलं आणि जुन्या ग्रबला तेही कळत नाही.

उपाय सोपा आहे, कारण /बूट फक्त १ जीबीचं आहे. ते पुन्हा फॉरमॅट करून फायली परत आणा. मात्र आता ती लाइव्ह यूएसबी बाजूला ठेवा. अल्मालिनक्स ९चीच इन्स्टॉलर यूएसबी लावा, 'ट्रबलशूटिंग'मधून रेस्क्यू निवडा आणि विचारेल तेव्हा ३ दाबून थेट शेलवर जा. तिथल्या एमकेएफएसने बनवलेली फाइलसिस्टिम त्याच आवृत्तीच्या ग्रबला चालते. लाइव्हवरूनच करायचं असेल तर एमकेएफएस.एक्सएफएसला '-आय एनआरईएक्सटी६४=०' द्या.

रूट आणि व्हार त्याच यूएसबीने बनवले आहेत, पण ते ग्रब वाचत नाही, कर्नल वाचतं. त्यामुळे लगेच पुसू नका. रेस्क्यू शेलमध्येच दोन्ही माउंट करून पाहा. तिथे माउंट झाले तर ९च्या कर्नलला ते चालतात. मात्र तुमच्या बॅकअपमधलं कर्नल यूएसबीतल्या कर्नलपेक्षा जुनं नसावं, नाहीतर ही चाचणी फसवी ठरेल. 'सुपरब्लॉक हॅज अननोन इनकम्पॅटिबल फीचर्स' असं डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) आलं तर नाइलाज आहे, रूटही पुन्हा फॉरमॅट करून उतरवावं लागेल. एक्सएफएसवर हे वैशिष्ट्य एकदा चालू झालं की काढता येत नाही.

---

रॅक_युनिट

माझं मत थोडं वेगळं. नव्या हार्डवेअरवर त्याच आवृत्तीचं किमान इन्स्टॉलेशन करा, वीस मिनिटांत होतं. पार्टिशन, रेड, ग्रब, एनव्हीरॅम, इनिटरॅमएफएस सगळं इन्स्टॉलर बरोबर करून देतो. मग बॅकअप त्यावर ओढा, फक्त /बूट, /ईटीसी/एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी), /ईटीसी/एमडीएडीएम.कॉन्फ, /ईटीसी/एलव्हीएम, /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब आणि नेटवर्कची संरचना वगळून.

---

मॉड्यूल_६४

पद्धत चांगली आहे. बॅकअप अजून उतरवायचा असता तर मीही हीच सुचवली असती. पण त्यात एक खड्डा आहे: /बूट नव्या इन्स्टॉलेशनचं आणि /लिब/मॉड्यूल्स बॅकअपमधलं अशी सरमिसळ होते. आरसिंकला --डिलीट दिलेलं असेल तर नव्या कर्नलचे मॉड्यूल्स पुसले जातात आणि पहिल्याच बूटला नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर सापडत नाही. आरपीएमचा डेटाबेसही जुना येतो, त्याला नवं कर्नल माहीतच नसतं. इथे साडेपाच तासांचं काम झालेलं आहे, तेव्हा आहे तेच दुरुस्त करू.

कोरी_डिस्क, /बूट पुन्हा भरलंत की पुढचं सगळं एकाच चरूटमध्ये करून घ्या. दर वेळी रीस्टार्ट करून पुढची चूक पाहण्यात दिवस जाईल, सर्व्हरचं फर्मवेअर पोस्टलाच पाच-सात मिनिटं खातं.

आधी एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय/ईएफआयव्हार्स पाहा. रिकामं असेल किंवा फोल्डरच नसेल तर यूएसबी लेगसी पद्धतीने सुरू झाली आहे. फर्मवेअरच्या बूट मेनूतून तिची यूईएफआयवाली नोंद निवडून परत या. मग:

एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन
व्हीजीचेंज -एवाय अल्मालिनक्स

रूट /एमएनटी/सिसरूटवर माउंट करा, त्यात व्हार, /बूट आणि पहिल्या एनव्हीएमईचं पहिलं पार्टिशन /बूट/ईएफआयवर. वगळलेले फोल्डर्स आता बनवा: प्रॉक, सिस, डेव्ह, रन, टीएमपी, एमएनटी. टीएमपीला परवानगी १७७७. हे रिकामे फोल्डर नसतील तर स्विच-रूटच्या क्षणी (इनिटरॅमएफएसमधून खऱ्या रूटवर जाताना) बूट कोसळतं, कारण सिस्टिमडीला प्रॉक आणि डेव्ह माउंट करायला जागाच मिळत नाही. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चारही --आरबाइंडने आत जोडा आणि चरूट करा. 'रन' बरेच जण विसरतात. यूडेव्हची माहिती तिथे असते, ती नसेल तर एलव्हीएमच्या कमांड्स अडखळतात.

चरूटमध्ये बीएलकेआयडी (पार्टिशनांचे यूयूआयडी दाखवणारी कमांड) चालवून समोर ठेवा आणि जुने यूयूआयडी बदला. /ईटीसी/एफएसटॅबमध्ये /बूट आणि /बूट/ईएफआयच्या ओळी आहेत. फॅटचा यूयूआयडी चार-चार अक्षरांचा आणि मध्ये रेघ असा छोटा असतो, तो पाहून गोंधळू नका. रूट आणि व्हार /डेव्ह/मॅपरच्या नावाने असतील तर बदलायला नकोत. ग्रुपचं नाव तेच ठेवलंत त्याचा फायदा इथे मिळतो. स्वॅपची ओळ काढा. तिसरी जागा म्हणजे ईएफआय पार्टिशनवर अल्मालिनक्सच्या फोल्डरमधली ती चार ओळींची ग्रब.सीएफजी, तिथे नव्या /बूटचा यूयूआयडी. ग्रब२-एमकेकॉन्फिगचं आउटपुट या फाइलवर लिहू नका. ९ मध्ये ते नेहमी /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजीवर जातं.

आता कर्नलच्या ओळी. त्या /बूट/लोडर/एंट्रीज या फोल्डरमध्ये प्रत्येक कर्नलच्या वेगळ्या फाइलीत असतात. तिथल्या 'ऑप्शन्स' ओळीत तुमच्याकडे दोन गोष्टी अडतील: 'रिझ्यूम=/डेव्ह/मॅपर/अल्मालिनक्स-स्वॅप' आणि 'आरडी.एलव्हीएम.एलव्ही=अल्मालिनक्स/स्वॅप'. स्वॅप आता अस्तित्वात नाही, पण ड्रॅकट (इनिटरॅमएफएस बांधणारं आणि त्याच्या आत चालणारं साधन) त्याची वाट पाहत बसेल आणि काही मिनिटांनी 'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट' म्हणून हात वर करेल. रूट समोर असतानाही! ग्रबीने (कर्नलच्या ओळी बदलणारी कमांड) दोन्ही काढा: ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --रिमूव्ह-आर्ग्ज, आणि पुढे ते दोन शब्द जसेच्या तसे. त्याच झटक्यात --आर्ग्जने 'आरडी.एमडी.यूयूआयडी=' घाला, किंमत एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी/पीव्ही जो यूयूआयडी दाखवतो ती. हा अ‍ॅरेचा यूयूआयडी, कोलन असलेला. बीएलकेआयडीमध्ये त्याच पार्टिशनांसमोर तो रेघा घालून छापतात, म्हणून --डिटेलमधूनच उचला. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्येही हेच बदल करा, नाहीतर पुढचं कर्नल आलं की जुनी ओळ परत येऊ शकते.

एमडीएडीएम --डिटेल --स्कॅनचं आउटपुट /ईटीसी/एमडीएडीएम.कॉन्फमध्ये टाका. आणि मग इनिटरॅमएफएस. जुन्या मशीनवरचं 'होस्टओन्ली' आहे, म्हणजे त्यात रेड कार्डाचा ड्रायव्हर आहे पण एनव्हीएमई आणि रेड१ नसणार:

ड्रॅकट --फोर्स --नो-होस्टओन्ली --रीजनरेट-ऑल

नुसतं 'ड्रॅकट --फोर्स' दिलंत तर तो चालू कर्नलसाठी, म्हणजे यूएसबीच्या कर्नलसाठी बांधायला जातो. त्याचे मॉड्यूल्स चरूटमध्ये नसतात. त्यामुळे एकतर --रीजनरेट-ऑल किंवा --केव्हर देऊन नेमकी आवृत्ती. झाल्यावर एलएसइनिटआरडीने खात्री करा: यादीत एनव्हीएमई, रेड१, डीएम-मॉड आणि एक्सएफएस हे चारही दिसले पाहिजेत. एक जरी नसेल तरी रीस्टार्ट करू नका.

हे करताना एलएस /बूट/व्हीएमलिनझ-* आणि एलएस /लिब/मॉड्यूल्स शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे त्याच आवृत्त्या हव्यात. आणि लोडर/एंट्रीजमधल्या फाइलींची नावं /ईटीसी/मशीन-आयडीमधल्या आकड्याने सुरू होतात. तो आकडा बदलला असेल तर पुढची कर्नल्स वेगळ्या नावाने येतील आणि ग्रबी गोंधळेल. पूर्ण रूट उतरवल्यामुळे तो तोच असेल, तरी नजर टाका.

---

लेबल_तपासा

वरच्या उत्तरात एक मोठी गोष्ट राहिली आहे आणि ती बूट झाल्यावर चावेल. आरसिंकला फक्त लहान 'ए' दिलं होतं. त्यात हार्डलिंक, एसीएल (फाइलीवरच्या वाढीव परवानग्या) आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट्स येत नाहीत. त्यासाठी मोठे एच, ए आणि एक्स वेगळे द्यावे लागतात, शिवाय --न्यूमेरिक-आयडीज. एसईलिनक्सची (कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलीला हात लावू शकतो हे ठरवणारी सुरक्षा) लेबलं एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट्समध्येच असतात. म्हणजे आता तुमच्या रूटवरच्या एकाही फाइलीवर बरोबर लेबल नाही. एन्फोर्सिंग (नियम सक्तीने लागू) अवस्थेत अशी सिस्टिम कधी 'फेल्ड टू लोड एसईलिनक्स पॉलिसी' म्हणून गोठते, कधी लॉगिनपर्यंत येते आणि बरोबर पासवर्डही नाकारते. दुसऱ्या प्रकारात लोक पासवर्ड बदलत बसतात.

चरूटमधून 'फिक्सफाइल्स -एफ ऑनबूट' द्या. पहिल्या बूटला ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'एन्फोर्सिंग=०' जोडा आणि कंट्रोल-एक्स. /ईटीसी/एसईलिनक्स/कॉन्फिगमध्ये 'डिसेबल्ड' करू नका. बंद असताना तयार होणाऱ्या फाइलींना लेबलच लागत नाही आणि काम वाढतं. लेबलिंग संपलं की मशीन आपोआप एकदा रीस्टार्ट होतं. ८०० जीबीचं व्हार असेल आणि त्यात लाखो लहान फाइली असतील तर वेळ लागेल. स्क्रीनवर टक्केवारी हळू सरकते, मध्येच वीज तोडू नका.

एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट्सबरोबर फाइल कॅपेबिलिटीजही (प्रोग्रॅमला दिलेले खास अधिकार) गेल्या. १०२४ खालच्या पोर्टवर ऐकण्याची परवानगी सेटकॅपने दिलेला एखादा प्रोग्रॅम असेल तर तो 'परमिशन डिनाइड' देईल. पॅकेजमधून आलेल्यांसाठी 'आरपीएम --रिस्टोअर' आहे, पॅकेजचं नाव देऊन. हाताने दिलेल्या तुम्हालाच आठवाव्या लागतील.

बॅकअप घेतानाही फक्त 'ए' होतं का? असेल तर एसीएल बॅकअपमध्येच नाहीत, ते उतरवताना कसेही केले तरी येणार नाहीत. लेबलं पॉलिसीवरून पुन्हा बांधता येतात, एसीएल नाही.

---

कोरी_डिस्क

सगळ्यांचे मनापासून आभार. /बूट रेस्क्यू यूएसबीवरून फॉरमॅट केलं, फायली आणल्या, तिन्ही यूयूआयडी बदलले, ग्रबी आणि ड्रॅकट झालं. एलएसइनिटआरडीमध्ये चारही दिसले. रूट आणि व्हार रेस्क्यूमध्ये माउंट झाले. बॅकअपमधलं नवीन कर्नल आणि यूएसबीचं कर्नल एकाच आवृत्तीचं आहे.

आता मेनू येतो, कर्नल लोड होतं, रूट माउंट होतं. पण मग 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर /डेव्ह/मॅपर/अल्मालिनक्स-व्हार' म्हणत ९० सेकंद मोजतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातो. तिथे एलव्हीएस दिल्यावर काही दिसत नाही, वर 'डिव्हाइसेस फाइल पीव्हीआयडी ... लास्ट सीन ऑन /डेव्ह/एसडीए३ नॉट फाउंड' असा इशारा येतो. रूट त्याच ग्रुपमध्ये असताना तो कसा चालू झाला?

(बॅकअप घेतानाही फक्त 'ए' होतं. एसीएल दोनच फोल्डरवर होते, ते लिहून ठेवलेले आहेत.)

---

मॉड्यूल_६४

हे माझ्या यादीत असायला हवं होतं. ९ पासून एलव्हीएम सगळ्या डिस्क चाळत नाही. /ईटीसी/एलव्हीएम/डिव्हाइसेस/सिस्टिम.डिव्हाइसेस या फाइलीत ज्या डिस्कची ओळख लिहिली आहे तेवढ्याच पाहतो. तुमच्याकडे ती फाइल बॅकअपमधून आली, तिच्यात जुन्या एसडीए३ची ओळख आहे, म्हणून नवी पीव्ही त्याच्या लेखी नाहीच. इनिटरॅमएफएस --नो-होस्टओन्लीने बांधलेलं असल्यामुळे तिथे ही गाळणी लागली नाही. आरडी.एलव्हीएम.एलव्हीमध्ये फक्त रूटचं नाव आहे, तो तिथून चालू झाला. व्हार चालू करायचं काम खऱ्या रूटवर गेल्यानंतरचं, आणि तिथे गाळणी लागू आहे.

इमर्जन्सी शेलमध्येच:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
जुनी फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा
व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेस -ए

शेवटची कमांड नव्या पीव्हीची नोंद असलेली फाइल लिहिते. एलव्हीएमडिव्हाइसेस देऊन पाहा, /डेव्ह/एमडीमधली पीव्ही दिसली की व्हीजीचेंज -एवाय, मग कंट्रोल-डी.

जुन्या दोन एसएसडी या मशीनला अजून जोडलेल्या असतील तर हे करण्याआधी काढा. एकाच नावाचे दोन व्हॉल्यूम ग्रुप समोर आले की कोणता चालू होईल याचा भरवसा नसतो.

---

लेबल_तपासा

इमर्जन्सी मोडमध्ये तुमचा पासवर्ड घेतला गेला हे नशीब. रूटचं खातं लॉक असतं तर 'कॅनॉट ओपन अ‍ॅक्सेस टू कन्सोल' म्हणून शेलही मिळालं नसतं. पुढे कुणाला तसं झालं तर ग्रबमध्ये 'ई' दाबून 'आरडी.ब्रेक' जोडा, रूट /सिसरूटवर फक्त वाचण्यासाठी माउंट झालेलं मिळतं. ते आरडब्ल्यू करून चरूट करता येतं. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा फिक्सफाइल्स -एफ ऑनबूट द्या, कारण तिथून संपादित केलेल्या फाइलींचं लेबलही जातं.

लेबलिंगच्या आधी एकदा व्हार माउंट झालेलं आहे याची खात्री करा. नाहीतर रूटवरच्या रिकाम्या व्हारला लेबल लागतं आणि खरं व्हार तसंच राहतं.

---

कोरी_डिस्क

व्हार आलं, लेबलिंग ४० मिनिटांत झालं, आता एन्फोर्सिंगमध्ये लॉगिन होतं. नेटवर्क मात्र नाही. एनएमसीएलआयमध्ये (नेटवर्कमॅनेजरची कमांड) जुनं कनेक्शन दिसतं पण ते कशावरही लागत नाही.

---

रॅक_युनिट

कार्डाचं नाव बदललंय. नाव पीसीआयच्या जागेवरून ठरतं, मदरबोर्ड बदलला की तेही बदलतं. आयपी लिंकने नवं नाव पाहा, मग /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टिम-कनेक्शन्समधल्या फाइलीत 'इंटरफेस-नेम' बदला, आणि 'मॅक-अ‍ॅड्रेस'ची ओळ असेल तर ती काढा. फाइलीची मालकी रूटची आणि परवानगी ६०० हवी. जास्त मोकळी असेल तर नेटवर्कमॅनेजर ती मुकाट वगळतो. मग एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड. बाँड (अनेक कार्डं एकत्र जोडलेली) असेल तर त्याच्या प्रत्येक सदस्याची फाइल वेगळी पाहा.

नेटवर्क जोडण्याआधी डेटाबेस आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) थांबवा. चालू डेटाबेसच्या फोल्डरची आरसिंक प्रत विश्वासाची नसते: पहिली फाइल कॉपी झाली तेव्हा आणि शेवटची झाली तेव्हा डेटाबेसची अवस्था वेगवेगळी होती. सेवा सुरू झाली म्हणजे डेटा जुळला असं नाही. डंप (डेटाबेसमधून काढलेली जुळती प्रत) असेल तर तोच भरा. आणि क्रॉन चालू राहिला तर रात्रीचा आरसिंक या अर्धवट सर्व्हरवरून तुमच्या चांगल्या बॅकअपवर लिहील, तो आधी बंद करा.

---

कोरी_डिस्क

क्रॉन लगेच थांबवला, तो विचार मनातही आला नव्हता. डेटाबेसचा रात्रीचा डंप आहे, तो भरतोय. नेटवर्क आलं.

शेवटचा प्रश्न: रेड १ आहे, पण ईएफआय पार्टिशन फक्त पहिल्या डिस्कचं भरलेलं आहे. दुसऱ्या डिस्कवरून बूट होण्यासाठी काय करावं?

---

चेकसम_पाहा

दुसऱ्या एनव्हीएमईचं पहिलं पार्टिशन तात्पुरतं माउंट करा आणि /बूट/ईएफआयमधलं सगळं त्यात कॉपी करा. मग दुसरी नोंद:

ईएफआयबूटएमजीआर --क्रिएट --डिस्क /डेव्ह/एनव्हीएमई१एन१ --पार्ट १

लेबल वेगळं द्या म्हणजे यादीत ओळखता येईल, आणि लोडर म्हणून अल्मालिनक्सच्या फोल्डरमधली तीच शिमची फाइल, उलट्या तिरक्या रेघांनी. दोन्ही पार्टिशनांवर 'ईएफआय/बूट' फोल्डर आणि त्यातली बूटएक्स६४ची फाइल आहे ना, तेही पाहा. एनव्हीरॅम पुसलं गेलं तर फर्मवेअर तीच शोधतं आणि शिमचा फॉलबॅक नोंद पुन्हा बनवतो. शिम किंवा ग्रबचं पॅकेज अपडेट झालं की दुसरी प्रत आपोआप बदलत नाही, ती पुन्हा कॉपी करावी लागते.

एफएसटॅबमधल्या /बूट/ईएफआयच्या ओळीत 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस' घाला. ती ओळ पहिल्या डिस्कच्या फॅटकडे बोट दाखवते. पहिली डिस्क मेली तर रेड व्यवस्थित चालेल, रूट आणि व्हार माउंट होतील, आणि तरीही सर्व्हर या एका ओळीपायी इमर्जन्सी मोडमध्ये जाईल.

मग खरी चाचणी: मशीन बंद करून पहिली एनव्हीएमई काढा आणि चालू करा. हरवलेल्या डिस्कची ड्रॅकट थोडा वेळ वाट पाहतो, त्यानंतरच अ‍ॅरे एका डिस्कवर सुरू करतो. दोनेक मिनिटं काही हललं नाही तरी घाबरू नका. वर आल्यावर /प्रॉक/एमडीस्टॅटमध्ये दोन्ही अ‍ॅरेपुढे दोनपैकी एक असं दिसेल. डिस्क परत लावल्यावर ती बहुधा आपोआप अ‍ॅरेत जाणार नाही. एमडीएडीएम --मॅनेज /डेव्ह/एमडी/बूट --अ‍ॅड देऊन दुसरं पार्टिशन घाला, तसंच पीव्हीला तिसरं. एमडीस्टॅटमध्ये पीव्हीचं सिंक १०० टक्के झाल्याशिवाय दुसऱ्या डिस्कला हात लावू नका.

---

कोरी_डिस्क

पहिली डिस्क काढून बूट केलं, दीड मिनिटात लॉगिन आलं. डिस्क परत घातली आहे, सिंक ३१ टक्क्यांवर. नोफेलच्या ओळीशिवाय आधी एकदा करून पाहिलं होतं, तेव्हा तंतोतंत इमर्जन्सी मोडमध्येच गेला.